सशाचा डोळा आणि श्रावकाचा व्यापार

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पूर्वभवी तो हत्ती होता. वणव्यातून जीव वाचवण्यासाठी वनातील सारे प्राणी एका मोकळ्या मंडलात दाटीवाटीने उभे राहिले असता अंग खाजवण्यासाठी त्याने एक पाय उचलला आणि तेवढ्या रिकाम्या झालेल्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली टेकला तर ससा चिरडेल, म्हणून तो हत्ती अडीच अहोरात्र तीन पायांवर उभा राहिला. आपल्या बालमनावर करुणेचा पहिला संस्कार बहुधा याच सशाने केलेला असतो. विसाव्या शतकात हाच ससा जगभरच्या प्रयोगशाळांत मोठ्या संख्येने नेला गेला. तो स्वस्त, गरीब स्वभावाचा आणि मोठ्या डोळ्यांचा, एवढेच त्याचे अपराध. त्याच्या डोळ्याला इजा करून ती मोजण्याची रीत कशी रुजली, ती मागे कशी पडू लागली आणि या साऱ्याशी आपल्या दुकान-कारखान्यांचा काय संबंध, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ही रीत क्रौर्याच्या हौसेतून जन्मली नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा रंग विकला जात असे. त्यात पॅराफिनिलीनडायअमीन हे रसायन होते. केसांच्या काळ्या रंगात ते आजही ओळखीचे आहे. या रंगाने अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर जखमा झाल्या, काहींची दृष्टी गेली, एका स्त्रीचा तर मृत्यू झाला. सौंदर्यप्रसाधनांवर तेव्हाच्या कायद्याची काहीच पकड नव्हती, त्यामुळे सरकारला हात चोळत बसावे लागले. १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि प्रसाधनेही सरकारी देखरेखीखाली आली. पण एखादे द्रव्य डोळ्याला किती घातक आहे हे ठरवायचे कसे? त्याला माप हवे होते. १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते माप तयार केले. पुढे जगभर ही पद्धत ‘ड्रेझ चाचणी’ म्हणून ओळखली गेली.

पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात, खालची पापणी ओढून, परीक्ष्य द्रव्याचा एक दशांश मिलिलिटर थेंब सोडायचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग एका तासाने, चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी डोळा तपासून गुण द्यायचे. जखम भरते की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षण एकवीस दिवसांपर्यंत लांबवता येते. गुणांची कमाल बेरीज ११०. त्यांपैकी ८० गुण कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्याचे. तो किती धुरकट झाला आणि किती भाग व्यापला यावर ते ठरतात. परितारिकेला १० आणि पापणीच्या आतल्या नाजूक आवरणाची लाली, सूज व स्राव यांना मिळून २०. सशाने पंजाने डोळा चोळू नये म्हणून त्याला अनेक ठिकाणी फक्त डोके बाहेर राहील अशा चौकटीत अडकवून ठेवत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांपैकी पहिला येथे कार्यपद्धतीचाच भाग होता. वेदनाशामके व बधिर करणारे थेंब आधीच वापरावेत, अशी दुरुस्ती आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २०१२ मध्ये झाली. म्हणजे मूळ पद्धतीनंतर तब्बल अडुसष्ट वर्षांनी.

बरे, एवढे करून हाती येणारे माप तरी बावनकशी होते काय? १९७१ मध्ये वाईल आणि स्काला या संशोधकांनी तीच द्रव्ये सुमारे दोन डझन प्रयोगशाळांना पाठवून निष्कर्ष ताडून पाहिले. एका प्रयोगशाळेने जे द्रव्य तीव्र दाहक ठरवले, तेच दुसरीने जवळजवळ निरुपद्रवी ठरवले. तराजूच असा डळमळीत असेल तर व्यापारी त्याच्यावर माल तोलणार नाही. शिवाय सशाचा डोळा माणसासारखा नाही. त्याला तिसरी पापणी असते, तो फार क्वचित पापण्या मिटतो, त्याला अश्रू कमी येतात, त्याचा कॉर्निया माणसाच्यापेक्षा पातळ असतो. पडलेला थेंब आपण क्षणात धुऊन टाकतो. सशाच्या डोळ्यात तो रेंगाळतो.

ही पद्धत हलवून सोडण्याचे श्रेय एका शाळामास्तराला जाते. अँटवर्प येथे जन्मलेले हेन्री स्पिरा न्यूयॉर्कमध्ये शिक्षक होते. १९८० च्या एप्रिलमध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन, सौंदर्यासाठी आपण किती सशांना आंधळे करता, असा जाहीर प्रश्न रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला विचारला. पण स्पिरांचे वैशिष्ट्य त्या प्रश्नात नाही. कंपनी बंद पाडा, अशी त्यांची मागणीच नव्हती. नफ्यातला अल्पसा हिस्सा पर्याय शोधण्यासाठी द्या, एवढेच ते मागत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला तीन वर्षांसाठी साडेसात लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पाठोपाठ इतर कंपन्याही आल्या आणि १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचे केंद्र उभे राहिले. शत्रूला नामोहरम करण्यापेक्षा त्याच्या चोपड्यात एक नवे खाते उघडायला लावणे हा मार्ग माझ्या मते आपल्या स्वभावाला अधिक जवळचा आहे.

आज काय करतात? मानवी त्वचेच्या किंवा कॉर्नियाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा कॉर्नियाच्या पृष्ठभागासारखा पातळ थर तयार केला जातो. त्यावर द्रव्य ठेवून, धुऊन, नंतर पिवळ्या रंगाचे एक रसायन घालतात. पेशी जिवंत असतील तर त्या रसायनाचा रंग निळा-जांभळा होतो. साठ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहिल्या तर ते द्रव्य डोळ्याला अपायकारक नाही असे मानले जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ज्या ‘ओईसीडी’च्या मार्गदर्शिका जगभर मानल्या जातात तिने, या पद्धतीला २०१५ मध्ये क्रमांक ४९२ दिला.

येथे जैन वाचकाने थोडे थांबावे. ‘पर्यायी’ म्हटले की सारे शुद्ध झाले, असे नाही. मार्गदर्शिका ४३७, जी २००९ पासून मान्य आहे, तीत कत्तलखान्यातून आणलेल्या गुराच्या डोळ्याचा कॉर्निया वापरतात. ४३८ मध्ये कोंबडीचा डोळा. त्यासाठी वेगळा प्राणी मारला जात नाही, हा युक्तिवाद खरा आहे. पण आपल्यापैकी अनेकांना तो पटणार नाही आणि न पटण्याचा त्यांना अधिकार आहे. पेशी वाढवण्याच्या द्रवात अनेकदा गर्भस्थ वासराच्या रक्तातील द्रव मिसळतात. तो गाभण गाय कापली गेल्यावर मिळतो. याला आता वनस्पतिजन्य किंवा पूर्णतः रासायनिक बदली द्रव उपलब्ध होत आहेत, पण ‘प्राणिमुक्त’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हिंसा कमी झाली आणि हिंसा संपली, या दोन विधानांत अंतर आहे. जयणेने पाहणाऱ्याला ते दिसते.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. श्रावकाने आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा शक्य तितकी मर्यादित करावी आणि संकल्पी हिंसा सोडावी, हे आपण जाणतो. प्रयोगशाळेत सशाच्या डोळ्यात थेंब टाकणारा तंत्रज्ञ आपल्या ओळखीचा नसतो. म्हणून आपण सुटलो, असे मनाला वाटते. परंतु व्रताची भाषा अशी मोकळीक देत नाही. श्वेतांबर परंपरेत श्रावकाचे स्थूल प्राणातिपात विरमण व्रत दोन करण व तीन योगांनी घेतले जाते: मन, वचन, कायेने स्वतः करणार नाही आणि करवणार नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात कृत व कारित यांच्याबरोबर अनुमोदनही येते. अनुमोदनाविषयी परंपरांत भेद असेल. ‘करवणे’ मात्र दोन्हींत स्पष्टपणे वर्ज्य आहे. कारखानदार आपल्या नव्या साबणाचा, फिनाइलचा, रंगाचा नमुना चाचणीसाठी पाठवतो, दरपत्रकावर सही करतो आणि अहवाल फायलीत लावतो, तेव्हा तो नेमके काय करतो? त्या सहीचे नाव शास्त्राच्या भाषेत ‘कारित’ आहे.

आपल्या पूर्वाचार्यांना व्यापाराची ही गुंतागुंत नवी नव्हती. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील दंतवाणिज्याची व्याख्या व्यापाऱ्याने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. दात, केस, नखे, हाडे, चामडे यांची खरेदी त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन करणे, यावर तेथे बोट ठेवले आहे. कारणही परंपरेने दिलेले आहे: व्यापारी वनवासी शिकाऱ्यांना अगाऊ रक्कम देतो आणि त्या रकमेपोटी हत्ती मारले जातात. वस्तू हाती येण्याआधीच मागणीने जीव घेतलेला असतो. पुरवठ्याच्या साखळीचा इतका सूक्ष्म विचार आठ-नऊशे वर्षांपूर्वी गुजरातच्या बाजारपेठेसमोर बसून केला गेला, याचा अभिमान आपण वाटून घेतो. मग चाचणीची आगाऊ मागणी नोंदवताना तोच निकष का लावू नये?

तथापि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. प्राण्यांवरील सारे प्रयोग निष्फळ होते, असे काही प्रचारपत्रके सांगतात. ते खरे नाही आणि असत्याच्या आधारावर अहिंसा उभी करण्याचे कारण नाही. डोळ्याचेच उदाहरण घ्या. पानाच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडतो, हा आपल्या देशातला नित्याचा अपघात आहे. चुना अल्कधर्मी, तो आम्लापेक्षाही खोल शिरतो. अशा डोळ्यात वरवरची जखम भरून निघाली तरी कॉर्निया पुन्हा पुन्हा सोलवटतो, त्यावर रक्तवाहिन्या चढतात, दृष्टी धूसर होते. असे का, हे बराच काळ कळत नव्हते. १९७१ मध्ये डेव्हँगर आणि एव्हेन्सन यांनी गिनिपिगच्या डोळ्यात पाहिले की कॉर्नियावरील जखम भरताना बुबुळाच्या कडेचे रंगद्रव्य असलेल्या पेशी आत सरकत येतात. पांढरा भाग आणि बुबुळ यांच्या सीमेवरील त्या अरुंद कड्याला लिंबस म्हणतात. १९८९ मध्ये उंदरांवरील अभ्यासाने दाखवले की कॉर्निया आयुष्यभर नवा करणाऱ्या मूलपेशी तेथेच राहतात. चुन्याने ते कडेच जळते. बियाणेच नष्ट झाल्यावर शेत कुठून पिकणार?

या ज्ञानातून १९९७ मध्ये इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी रुग्णाच्या धड डोळ्यातून लिंबसचा जेमतेम एक चौरस मिलिमीटर तुकडा घेऊन त्याचा थर वाढवला आणि जळालेल्या डोळ्यावर लावला. त्यांच्या पद्धतीत मानवी पेशींना आधार म्हणून उंदराच्या पेशी लागत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आधारच काढून टाकला. दान मिळालेल्या वारेचे पातळ आवरण आणि रुग्णाचेच रक्तद्रव्य यांवर पेशी वाढवल्या. २०११ मध्ये त्यांनी अशा दोनशे रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी सोपी पद्धत मांडली. धड डोळ्याच्या लिंबसचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक भाग करायचे आणि वारेच्या आवरणावर पसरून थेट जखमी डोळ्यावर ठेवायचे. पेशी प्रयोगशाळेत न वाढता डोळ्यातच वाढतात. खर्च घटला आणि प्राणिजन्य द्रव्याची गरजही. या कथेच्या एका टोकाला गिनिपिग आहे, दुसऱ्या टोकाला कोणताच प्राणी नाही. ज्या ज्ञानाचा आरंभ हिंसेत झाला त्याचा लाभ घेणाऱ्या रुग्णाला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या घरांतील मधुमेही वडीलधाऱ्यांनी कित्येक दशके गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातले इन्सुलिन टोचून घेतले. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आले, तेव्हा कुठे तो पेच सुटू लागला. पण रुग्णाची असहायता आणि नव्या सुगंधाच्या शाम्पूची हौस यांना एकाच पारड्यात टाकणे हा न्याय नव्हे.

आपल्या देशाचा कायदाही याच भेदाच्या दिशेने सरकत आला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या सतराव्या कलमात, शक्य असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१४ च्या मे महिन्यात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा चाचणीतून गेलेल्या प्रसाधनांच्या आयातीसही. २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवर आधारलेल्या व इतर प्राणिविरहित चाचण्यांना मानवी वापरापूर्वीच्या तपासणीत स्थान मिळाले. आनंदाची गोष्ट, पण बंदी प्रसाधनांपुरती आहे हे अनेक व्यापाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कपडे धुण्याची पावडर, जंतुनाशके, कीटकनाशके, छपाईचे रंग, औद्योगिक रसायने तिच्या कक्षेबाहेर आहेत. आणि आपल्या समाजाचा मोठा व्यापार नेमका याच मालात आहे.

म्हणून काही व्यवहारी गोष्टी. चाचणी अहवालाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शिकेचा क्रमांक छापलेला असतो. तो वाचण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ४०५ म्हणजे सशाचा डोळा. ४०४ म्हणजे सशाची त्वचा. ४३९ आणि ४९२ म्हणजे मानवी पेशींपासून बनवलेले थर. पहिला त्वचेसाठी, दुसरा डोळ्यासाठी. ४३७ व ४३८ कशाचे, ते वर आलेच आहे. पुढच्या वेळी प्रयोगशाळेकडून दरपत्रक येईल तेव्हा मुनिमाने किंमत आणि मुदत पाहावी, मालकाने हा आकडा पाहावा. ४०५ ची मार्गदर्शिकाही थेट सशाकडे जा असे म्हणत नाही: आधी उपलब्ध माहिती तपासा, मग प्राणिविरहित पद्धती वापरा, असा क्रम तीत दिला आहे. द्रव्य अतितीव्र आम्ल किंवा अल्क असेल, म्हणजे सामू २ किंवा त्याहून कमी अथवा ११.५ किंवा त्याहून अधिक, तर ते डोळा जाळणार हे उघडच आहे. त्यासाठी सशाला साक्षीला बोलावण्याची गरज नाही. पुष्कळशा घटकद्रव्यांची चाचणी पूर्वी कोणीतरी केलेलीच असते. ती माहिती पुरवठादाराकडे मागण्याचा आळस झाला की तीच हिंसा दुसऱ्यांदा घडते आणि तिचा खर्चही आपणच भरतो. निर्यात करणाऱ्यांनी खरेदीदार देश नेमके काय मागतो ते लेखी घ्यावे. युरोपीय संघाने मार्च २०१३ पासून प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांची विक्रीच पूर्ण बंद केली आहे. तेथे ४०५ चा अहवाल मालाला मदत करण्याऐवजी आडवा येतो. चीनने सर्वसाधारण आयात प्रसाधनांवरील प्राणिचाचणीची सक्ती मे २०२१ पासून अटींसह शिथिल केली. ‘परदेशात लागते’ हे जुने उत्तर आता प्रत्येक वेळी खरे नसते.

घरातल्या श्राविकांसाठीही एक खुलासा. खाद्यपदार्थावरचा हिरवा ठिपका घटकांविषयी सांगतो, चाचणीविषयी नाही. जिलेटिन नाही, अंडे नाही, चरबी नाही, एवढे पाहून आपण निश्चिंत होतो. पण पूर्ण वनस्पतिजन्य द्रव्यही सशाच्या डोळ्यातून जाऊन आलेले असू शकते. ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे शब्दही नीट वाचावेत. तयार माल तपासला नाही, पण त्यातील घटक दुसऱ्या कोणीतरी तपासले, असा त्यांचा अर्थ निघू शकतो. उडी मारणाऱ्या सशाचे ‘लीपिंग बनी’ हे चिन्ह घटक पुरवणाऱ्यांपर्यंत चौकशी करून दिले जाते, म्हणून ते अधिक भरवशाचे.

राहिला एक विषय, ज्यात आपला समाज पूर्वीपासून पुढे आहे: नेत्रदान. माणसाच्या डोळ्याविषयी खात्रीलायक उत्तर माणसाचाच डोळा देऊ शकतो. नेत्रपेढीत आलेला प्रत्येक कॉर्निया रोपणास योग्य ठरतो असे नाही. जे ठरत नाहीत ते कुटुंबाच्या संमतीने संशोधनासाठी आणि तरुण शल्यचिकित्सकांच्या सरावासाठी वापरता येतात. असा प्रत्येक कॉर्निया एखाद्या प्राण्याच्या डोळ्याची जागा घेऊ शकतो. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, वय कितीही असले तरी नेत्रदान करता येते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि खोलीतला पंखा बंद करावा. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, काम साधारण अर्ध्या तासात होते, चेहरा विद्रूप होत नाही. संमतिपत्रावर सही करताना ‘रोपण शक्य नसल्यास संशोधनासाठी’ या ओळीबद्दल विचारावे आणि तीवरही खूण करावी.